घरचा छोटा बायोगॅस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या परसात पेरूच्या झाडाशेजारी दोन काळ्या टाक्या एकात एक घालून ठेवल्या आहेत, खरकटं कुजवून शेगडीला लागणारा गॅस, म्हणजे बायोगॅस, करायला. येणारा-जाणारा त्या बघतो, वाकून वास घेतो आणि प्रश्न विचारतो. फोनवरही तेच प्रश्न येतात. कोल्हापूरच्या हवेत ही टाकी पाच वर्षं चालवून, मध्ये दोनदा बिघडवून जे कळलं, ते इथं एकदाच लिहून ठेवते.

ह्यावर स्वयंपाक होतो का खरंच?

शेजारच्या मावशींचा पहिला प्रश्न होता, "व्हय वहिनी, ह्यावर भाकरी हुतीय का?" होते. ज्योत निळी, जवळजवळ आवाज न करणारी, आणि भांडं काळं पडत नाही. पण किती वेळ, हा खरा प्रश्न आहे आणि तो बहुतेक जण टाकी विकत घेतल्यावर विचारतात.

हिशेब आधी करा. घरातलं मिश्र ओलं खरकटं, म्हणजे थोडा भात, चपातीचे तुकडे, भाजीची देठं, फळांच्या साली, दिवसाला दोन किलो टाकलं तर साधारण दोनशे लिटर गॅस मिळतो. छोटा बर्नर तासाला चारशे लिटर खातो. म्हणजे अर्धा तास. एका कुकरच्या शिट्ट्या, नाहीतर सकाळचा चहा आणि दूध. चार माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक यावर होणार नाही.

सिलिंडरच्या भाषेत सांगायचं तर १४.२ किलोच्या एका सिलिंडरइतकी उष्णता मिळायला तीस-बत्तीस घनमीटर बायोगॅस लागतो. रोज दोनशे लिटर म्हणजे महिन्याला सहा घनमीटर. पाच महिन्यांत एक सिलिंडर वाचला. फक्त पैसे वाचवायला टाकी बसवणार असाल तर इथंच थांबा. कचरा घरातच जिरवायचा असेल, झाडांना खत हवं असेल आणि वर चहा फुकट हवा असेल, तर पुढं वाचा.

आमच्याकडे एक गाय आहे. मग?

मग गणित बदलतं. एक किलो ताज्या शेणातून साधारण चाळीस लिटर गॅस निघतो. गाय दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देते, म्हैस त्याहून जास्त. दहा किलो शेण म्हणजे चारशे लिटर, तासभर ज्योत. हजार लिटरच्या टाकीत दहा किलो शेण आणि दहा लिटर पाणी रोज घातलं तर ते आत चाळीसेक दिवस राहतं. आपल्या हवेत कुजायला तेवढे दिवस लागतातच, म्हणजे एका गाईला ही टाकी बरोबर बसते. चार-पाच जनावरं असतील तर मात्र प्लॅस्टिकच्या टाकीच्या नादाला लागू नका. दोन घनमीटरचा विटांचा पक्का गोबरगॅस बांधून घ्या, तो वीस वर्षं पुरतो.

शेणापेक्षा खरकट्यातून जास्त गॅस कसा?

शेण म्हणजे गाईनं आधीच खाऊन पचवलेलं. त्यातली बरीचशी ताकद तिनं दूध द्यायला आणि चालायला वापरलेली असते. उरलेल्या चोथ्यातून आपण गॅस काढतो. भात, पीठ, पिकलेलं केळं यांत ती ताकद शाबूत असते. पुण्याच्या आरती या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी २००३ च्या सुमारास नेमका हाच मुद्दा पकडला: गॅस तयार करणारे जीवाणू गुरांच्या पोटातलेच, मग त्यांना शेण का खायला घालायचं, पिष्टमय आणि गोड खाद्य का नाही? त्यातून पाण्याच्या टाक्यांचा छोटा शहरी संच तयार झाला आणि त्याला २००६ साली ब्रिटनमधला अॅश्डेन पुरस्कार मिळाला. आमच्या परसातली टाकी त्याच घराण्यातली.

टाकी म्हणजे गाईचं पोट, एवढं एकच ध्यानात धरलंत तरी पुढचे निम्मे प्रश्न तुमचे तुम्हीच सोडवाल.

सामान काय लागतं?

हजार लिटरची आणि साडेसातशे लिटरची पाण्याची टाकी. दुकानात टेप घेऊन जा. लहान टाकी मोठीत उलटी जायला हवी आणि चारी बाजूंनी दोन-तीन बोटं फट राहायला हवी. कंपन्यांचे व्यास वेगळे असतात, शिवाय टाकीच्या पोटावर उंचवटे असतात. ते एकमेकांत अडकले की ड्रम, म्हणजे गॅस साठवणारी ही उलटी टाकी, वर-खाली होत नाही. आम्ही पहिली टाकी परत नेली ती याच कारणानं. दुकानदार हसला, पण बदलून दिली.

बाकी: खाद्य घालायला तीन इंची पीव्हीसी पाइप आणि नरसाळं, स्लरी, म्हणजे आतला कुजलेला पातळ काला, बाहेर यायला अडीच-तीन इंची पाइप, तळाशी गाळ काढायला दोन इंची व्हॉल्व्ह, गॅससाठी अर्धा इंची बॉल व्हॉल्व्ह, लवचीक गॅसनळी, रबरी वॉशरसह टँक निपल, टेफ्लॉन टेप, एम-सील. ड्रम सरळ राहावा म्हणून बाहेरून तीन उभे पाइप. दोन टाक्या हाच मोठा खर्च, त्या जुन्या मिळाल्या तर निम्मं काम झालं. फक्त आधी रसायनं साठवलेली टाकी नको.

बांधणी कशी करायची?

दोन्ही टाक्यांची वरची तोंडं करवतीनं कापून टाका. मोठी टाकी सपाट, ठोकून घेतलेल्या जमिनीवर किंवा विटांच्या चौथऱ्यावर ठेवा. भरल्यावर तिचं वजन टनभर होतं, मागाहून सरकवता येणार नाही. शहाबादी फरशी घातली तर उत्तम.

मोठ्या टाकीला तळापासून वीतभर उंचीवर भोक पाडून खाद्याचा पाइप बसवा आणि बाहेरून काठाच्या वर उभा न्या. त्याच्या समोरच्या बाजूला काठाखाली चार बोटं स्लरीचं भोक. दोन्ही भोकं समोरासमोर असावीत, नाहीतर आज घातलेलं उद्या तसंच बाहेर येतं. लहान टाकी उलटी केली की तिचा तळ वर येतो, त्याच्या मधोमध गॅसचा व्हॉल्व्ह. तिथून निघणारी नळी सैल आणि लांब ठेवा, कारण ड्रम दोन-अडीच फूट वर-खाली होतो.

भोकं पाडणं हेच खरं कौशल्याचं काम आहे. गरम सळईनं पाडलेलं भोक वेडंवाकडं होतं आणि तिथून गळतं. प्लंबरकडे गोल कापणारी कटर असते, त्याला तासभर बोलवा. एम-सील हा गळती झाकायचा उपाय आहे. सांधा धरायचा तो वॉशरनं.

गॅस भरण्याआधी टाकीत नुसतं पाणी भरून दोन दिवस ठेवा. मग ड्रम दाबून आत हवा कोंडा आणि प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर तिथं गळतंय. काडी लावून गळती शोधणारे लोक मी पाहिले आहेत. तसलं धाडस करू नका.

सुरुवात कशी करायची? पहिला गॅस कधी येतो?

दह्याला विरजण लागतं तसं इथंही लागतं. शंभर-दीडशे किलो ताजं शेण तेवढ्याच पाण्यात हातानं कालवा, काड्या-खडे काढा आणि टाकीत ओता. उरलेली टाकी पाण्यानं भरा. गावात कुणाचा चालू गोबरगॅस असेल तर त्याची दोन कॅन स्लरी मागून आणा. सगळ्यात चांगलं विरजण तेच, आठवडाभर वाचतो.

पाणी नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवा, क्लोरीन उडून जाऊ दे.

उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांत ड्रम उचलतो, थंडीत महिना लागतो. पहिल्यांदा वर आलेल्या ड्रममध्ये हवा आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो पेटत नाही. शिवाय मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, हवेत मिसळून पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान असला की स्फोटक असतो. म्हणून पहिले दोन ड्रम मोकळ्या हवेत, आसपास चूल-विडी काही नसताना, सोडून द्या. तिसऱ्याला शेगडी लावून बघा.

गॅस पेटायला लागला की खरकटं सुरू करा. पहिला आठवडा रोज मूठ-दोन मूठ, पुढच्या आठवड्यात अर्धा किलो, असं करत महिन्याभरात दोन किलोवर या. घाई केली तर काय होतं ते पुढं सांगते.

काय घालायचं, काय नाही?

शिळा भात, चपाती, भाजी, पिठाचं धुवण, डाळीचं पाणी, केळ्याच्या साली, आंब्याच्या साली, नासलेलं दूध: घाला, पण बारीक करून. जितकं बारीक तितकं लवकर पचतं. आमच्याकडे जुना मिक्सर त्यासाठीच ठेवलाय.

नारळाची शेंडी, करवंटी, अंड्याची टरफलं, हाडं, आंब्याच्या कोयी, वाळकी पानं नको. ही पचत नाहीत. काही तळाशी साठतात, काही वर तरंगून जाड साय धरतात आणि गॅस अडवतात. लिंबू-मोसंबीच्या साली आणि कांद्या-लसणाचा ढीग जीवाणूंना सोसत नाही. चुकून पडलेल्या दोन फोडींनी काही होत नाही. तेल-तूप थोडं चालतं, तळणीची कढई ओतू नका.

फिनेल, साबणाचं पाणी, ब्लीचिंग पावडर अजिबात नको. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते: जनावराला अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू असतील तर ते दिवस आणि नंतरचे काही दिवस त्याचं शेण टाकीत घालू नका. औषध जंतू मारतं, त्यात आपलेही मरतात.

गॅस येतोय पण पेटत नाही. आंबट वास येतोय.

तुम्ही जास्त खायला घातलंत. आमची टाकी पहिल्यांदा बिघडली ती अशीच. घरी डोहाळजेवण होतं, दोन घमेली मसालेभात उरला. टाकून द्यायला जीव होईना म्हणून एका दिवसात सगळा टाकीत घातला. दुसऱ्या दिवशी ड्रम असा फुगून वर आला की घरातले सगळे खूश. तिसऱ्या दिवशी शेगडीवरची ज्योत फडफडून विझायला लागली आणि परसात शिळ्या ताकासारखा वास सुटला.

आत दोन प्रकारचे जीवाणू असतात. पहिले अन्नाचं आम्ल करतात, ते भराभर वाढतात. दुसरे त्या आम्लाचा मिथेन करतात, ते सावकाश वाढतात. एकदम ढीगभर अन्न आलं की पहिले पुढं पळतात, आम्ल साठतं, आणि दुसऱ्यांना आंबट सोसत नाही. त्यांना पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा, ६.८ ते ७.४ च्या आसपास लागतो. आपल्याला लग्नाच्या पंगतीनंतर जसं होतं, तसंच टाकीला होतं.

उपाय: खाद्य पूर्ण बंद. थोडं ताजं शेण कालवून घाला. चुन्याची निवळी थोडी थोडी घाला आणि पीएच कागदानं बघत राहा. आम्हाला बारा दिवस लागले. एरवी औषधं घालायची गरज पडत नाही, उपास पुरतो.

थंडीत गॅस का कमी होतो?

त्या जीवाणूंना पस्तीस अंशांच्या आसपास बरं वाटतं. पंधराच्या खाली ते जवळजवळ झोपतात. आमच्याकडे डिसेंबरच्या रात्री पारा तिथंच घुटमळतो, तेव्हा गॅस निम्म्यावर येतो. टाकी काळी रंगवा, दिवसभर ऊन लागेल अशी ठेवा, खरकटं कोमट पाण्यात कालवून सकाळी अकराच्या उन्हात घाला. मी मोठ्या टाकीभोवती पोती आणि जुनी वाकळ बांधते. दिसायला चमत्कारिक दिसतं, पण ज्योत पाच-सात मिनिटं जास्त टिकते. थंडीत गॅस कमी आला म्हणून खाद्य वाढवायचं नाही, उलट कमी करायचं. कोकणात हा प्रश्न येत नाही.

ज्योत बारीक येते. दाब कसा वाढवायचा?

ड्रमवर वजन ठेवून. नव्वद सेंटिमीटर व्यासाच्या ड्रमवर दहा किलो ठेवले की दाब पाण्याच्या दीड सेंटिमीटर उंचीइतका वाढतो. नुसत्या प्लॅस्टिकच्या ड्रमचा दाब दोन-सव्वादोन सेंटिमीटर भरतो, शेगडीला आठ-दहा असला की ती बरी चालते. म्हणजे चाळीस किलोच्या आसपास विटा किंवा वाळूची पोती, सगळीकडे सारखी. एका बाजूला ठेवल्या तर ड्रम कलंडून फटीतून गॅस निसटतो.

त्याच ड्रमवर ऑइलपेंटनं दर पाच सेंटिमीटरला रेघ मारा. एक रेघ म्हणजे बत्तीस लिटर, म्हणजे सुमारे पाच मिनिटांची ज्योत. आमच्या घरात आता कुणी "गॅस किती आहे" विचारत नाही, "किती रेघा आहेत" विचारतात. कुकर सहा रेघांचा, चहा दोन रेघांचा.

घरातलीच शेगडी वापरता येईल का?

जशीच्या तशी नाही. सिलिंडरचा गॅस जास्त दाबानं बारीक भोकातून येतो. बायोगॅस मंद असतो आणि त्यात तीस-चाळीस टक्के कार्बन डायऑक्साइड, म्हणून त्याला दोन मिलिमीटरच्या आसपासचं मोठं भोक आणि कमी हवा लागते. काही जण जुन्या शेगडीचा नोझल ड्रिलनं मोठा करतात. करा हवं तर, पण ती शेगडी पुन्हा कधीही सिलिंडरला जोडू नका, मोठ्या भोकातून भडका उडेल. त्यापेक्षा बायोगॅसची वेगळी एका बर्नरची शेगडी मिळते, ती घ्या.

नळीत पाणी का साठतं? आणि तो कुजका वास?

गॅस ओला असतो, थंड नळीत त्याचं पाणी होतं आणि ज्योत लचकत राहते. नळीच्या सगळ्यात खालच्या जागी टी आकाराचा जोड बसवून खाली बंद बाटली लावा, आठवड्याला रिकामी करा. कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. भांडी घासायची लोखंडी घासणी, स्टीलची नव्हे, गंजवून एका पाइपाच्या तुकड्यात सैल भरा आणि गॅस त्यातून न्या. घासणी काळी पडली की उघड्यावर काढून ठेवा, पुन्हा तांबूस होते. दोन-तीनदा चालते. वास पूर्ण घालवू मात्र नका, गळती कळायला तो हवाच.

हे धोक्याचं तर नाही?

दाब इतका कमी असतो की टाकी फुटत नाही. धोका कोंडलेल्या जागेत साठलेल्या गॅसचा. टाकी उघड्यावर ठेवा, खिडकीखाली किंवा बंद गोठ्यात नको. शेगडीजवळ एक कॉक आणि टाकीजवळ एक, दोन्ही हवेत. नळीत, शेगडीच्या अलीकडे, गॅस पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत येईल असं करा, म्हणजे ज्योत मागं पळाली तरी तिथं विझते. हा गॅस कॉम्प्रेसरनं सिलिंडरमध्ये भरायचा प्रयोग घरी करू नका.

आणि जुन्या टाकीत किंवा विहिरीसारख्या गोबरगॅसच्या खड्ड्यात कुणालाही उतरू देऊ नका, रिकामा दिसला तरी. आत प्राणवायू नसतो. एकजण कोसळतो आणि त्याला काढायला दुसरा उतरतो, असेच जीव जातात.

स्लरीचं काय करायचं? मच्छर होतात का?

जितकं आत जातं तितकं बाहेर येतं. शहरात टाकी फसते ती बहुधा इथंच, गॅसमुळे नव्हे. गॅलरीत रोज पाच लिटर पातळ स्लरी कुठं टाकणार? चार कुंड्यांना ती झेपत नाही. एक युक्ती: खरकटं कालवायला नवीन पाण्याऐवजी बाहेर आलेली स्लरीच वापरा. पाणी वाचतं, जीवाणू परत जातात आणि बाहेर येणारा माल दिवसाला दोन-अडीच लिटरवर येतो.

परस असेल तर चिंता नाही. चौपट पाण्यात मिसळून आळ्यात घाला. आमच्या कढीपत्त्याला आणि केळींना ती मानवली, मिरचीच्या रोपांना घट्ट घातली तेव्हा पानं करपली.

दोन टाक्यांमधल्या फटीत मच्छर अंडी घालतात. जुनी मच्छरदाणी रबरानं बांधा.

संडास जोडता येतो का?

येतो, आणि महाराष्ट्रात हे काम जुनं आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या गॅसवर दिवे लावले होते. कणकवलीच्या गोपुरीत अप्पा पटवर्धनांनी संडास आणि गोबरगॅस यांवर काम केलं, आणि देहूच्या डॉ. सु. वि. मापुसकरांनी त्यातच हयात घालवली. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पण त्यासाठी जमिनीतला पक्का, बंद संच लागतो, कारण मैल्यातले रोगजंतू मरायला वेळ द्यावा लागतो. आपल्या दोन टाक्यांच्या उघड्या फटीत ते करू नका.

सरकारी अनुदान मिळतं का?

मंजूर मॉडेलच्या संचांना मिळतं, संडास जोडला तर काही वेळा वरचे पैसेही. पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करा, रक्कम बदलत असते. बांधायच्या आधी विचारा, नंतर नाही. हातानं कापलेल्या टाक्यांना अनुदान मिळेल असं धरून बसू नका.

गावाला गेलो तर टाकी मरते का?

नाही. आठ-दहा दिवस उपाशी राहते, तीन आठवडेही राहते. आल्यावर पहिल्या दिवशी मूठभर, दुसऱ्या दिवशी पावशेर. जाताना गॅस वापरून संपवा आणि टाकीजवळचा कॉक बंद करा. जास्तीचा गॅस ड्रमच्या काठाखालून आपोआप बुडबुडत निघून जातो. गेल्या मे महिन्यात आम्ही महिनाभर नव्हतो. शेजारच्या मावशींना फक्त फटीतलं पाणी आटलं तर बादली ओता म्हणून सांगितलं होतं. परत आलो तर ड्रम काठोकाठ वर, आणि मावशी म्हणाल्या, "रोज वाईच पेज घालत हुते की. उपाशी कशाला ठेवायचं त्येला?"